रिव्हर्स नसलेली तांबडी

"नातवासाठी बघताय का, मॅडम?" गोदामवाल्याने विचारलं.

"नाही. माझ्यासाठी," मी म्हटलं.

तो हसला नाही, म्हणून वाचला. पण त्याची नजर माझ्या गुडघ्याच्या पट्ट्यावर गेली, तिथून काठीवर आली, आणि मग माझ्यासोबत आलेल्या मेकॅनिककडे वळली. तुम्ही तरी समजवा यांना, असा चेहरा. मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. पनवेलला त्याचं गॅरेज आहे, दाढी निम्मी पिकलीय, पण मला अजून 'बाई'च म्हणतो. चौथीत तेराचा पाढा येईना म्हणून मी त्याला दोनदा बाकावर उभं केलं होतं. तो गोदामवाल्याला म्हणाला, "भाईजान, बाई विचारतील तेवढंच सांगा. जास्त बोललात तर तुम्हालाही उभं करतील."

तळोज्याच्या त्या शेडमध्ये बाहेरच्या देशातून खोक्यांत भरून आलेल्या चार चाकांच्या मोटारसायकली जोडून विकतात. किनाऱ्यावर आणि फार्महाऊसवर हौशी मंडळी ज्यांच्यावर बसून ओरडत फेऱ्या मारतात, त्याच त्या. रस्त्यावर चालवायला बंदी, नंबरप्लेट मिळत नाही. मला रस्त्यावर चालवायचीच नव्हती. माझ्या बेतात बसतील अशा दोनच होत्या, एक तांबडी आणि एक हिरवी. दोन्ही एकाच देशातल्या, दोन्ही स्वस्तातल्या, दोघींच्या सीटखाली प्लॅस्टिक सारखंच कुरकुरत होतं.

आता मला हे खूळ कुठून सुचलं, ते सांगते. नाहीतर तुम्हीही त्या गोदामवाल्यासारखे माझ्या गुडघ्याकडे बघत बसाल.

आमचं गाव खाडीकाठचं. शेती होती तेवढी शहराने घेतली. उरला तो खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, त्याच्या आतली थोडी पट्टी, आणि बांधाच्या टोकाची उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला लाकडी फळ्या लावून पाणी अडवायचं, ओहोटी लागली की फळ्या काढून आतलं पाणी सोडायचं. त्या पाण्याबरोबर कोळंबी येते, चिंबोरी येते, नशीब असलं तर जिताडा येतो, आणि तोंडाशी जाळं लावून बसलेल्या घराचा तो मासा. ही उघाडी पूर्वी बऱ्याच घरांत पाळीपाळीने फिरायची. घरं एकेक करून जमिनीबरोबर गेली, आणि शेवटी दोनच उरली. पुनवेचं उधाण चुलतभावाचं, अवसेचं उधाण आमचं. आमचं म्हणजे माझं. मी बापाची एकुलती एक, लग्न केलं नाही, आणि कुणी विचारलं तर का केलं नाही हेही सांगत नाही.

बाप गेला तेव्हा गावाने विचारलं होतं, पोरगी उघाडीवर उभी राहील का? बाप जिवंत असतानाच उत्तर देऊन गेला होता, "माजी पोर हुबी रायल." राहिले. शाळेतून अवसेची रजा काढून एकोणीस वर्षं राहिले. हेडमास्तर म्हणायचे, बाईंचा काही देवधर्म असणार. मी म्हणायचे, हो, मोठा कडक देव आहे.

उघाडीचा नियम सोपा आहे. भरती पुरी भरून पाणी उलटायच्या आत पाळीच्या घरचं माणूस तिथे उभं पाहिजे, आणि पहिली फळी त्यानेच हलवायची. लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या तर पाळी गेली, कायमची, आणि ती दुसऱ्या घराला. रिटायर झाले, विचुंब्याला फ्लॅट घेतला, आणि गुडघ्याने दगा दिला. रस्ता संपतो तिथून उघाडीपर्यंत बांधावरून चांगली पाऊण तासाची चाल. एका अवसेला अर्ध्यावर बसले ती उठता येईना. पुढच्या अवसेला डॉक्टरने घराबाहेर पडू दिलं नाही. दोन चुकल्या. एक उरली.

चुलतभाऊ भेटायला आला. चांगला आला, मोसंबी घेऊन आला. म्हणाला, "ताय, तू कनाला तरास घेतंस? तू फ्लॅटान बस. तुजे वाट्याची मच्छी आमी घरा पोचवू."

मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "मच्छी मला विचुंब्याच्या बाजारातही मिळते."

तो वाईट माणूस नाही. हेच तर जास्त झोंबतं. वाईट असता तर भांडले असते, मोकळी झाले असते. हा दया करत होता, आणि दयेच्या पिशवीत घालून माझ्या बापाची पाळी घरी नेत होता. पाळी काय मच्छीसाठी असते? सातबारावर आता आमच्या घराचं नाव कुठे नाही, शाळेच्या हजेरीतून माझं गेलं. अवसेच्या दुपारी उघाडीवर पाणी राखणारे गावातले म्हातारे काका ओरडतात, "पाली कोनाची?" आणि मी म्हणते, "आमची." एवढं एकच ठिकाण उरलंय जिथे मला 'आमची' म्हणता येतं. ते मी मोसंब्यांच्या बदल्यात देणार नव्हते.

म्हणून तळोजा. म्हणून तांबडी आणि हिरवी.

गोदामवाला हिरवीचं गुणगान गात होता. इंजिन मोठं, तीन गिअर, हेडलाईट दोन, पुढे-मागे सामान ठेवायला लोखंडी जाळ्या. "आणि रिव्हर्स आहे, मॅडम. ही लिव्हर ओढली की मागे. तांबडीला रिव्हर्स नाही. ती खरं तर मुलांसाठी बनवलेली." तांबडीवर एक चिठ्ठी होती, त्यावर पासष्ट किलोची मर्यादा लिहिलेली. मी अडुसष्ट. तीन किलोचे ग्रेस मार्क तर बोर्डही देतं, मी म्हटलं. मेकॅनिक खाली वाकून दोघींची पोटं तपासत होता. त्याचं म्हणणं पडलं, वेल्डिंग दोघींचं बेताचंच, पण तांबडीची चेन उघडी आहे, खाऱ्या चिखलाने लवकर गंजेल. हिरवीचे बोल्ट आत्ताच ढिले आहेत. "बाई, दोघी नापास होणाऱ्या आहेत. कुठली कमी मार्कांनी नापास होते तेवढं बघायचं."

मी दोघींना गोदामामागच्या अंगणात घेतलं. मागे ओल्या वाळूचं पोतं बांधायला लावलं, कारण येताना टोपली असणार. या गाड्यांना मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने एक पट्टी दाबायची असते. चाळीस वर्षं खडू धरलेला अंगठा आहे हा, त्याने पट्टी दाबली आणि हिरवी अशी उसळली की गोदामवाला भिंतीला चिकटला. गटाराच्या उंचवट्यावरून ती गुरगुरत गेली. तांबडी तिथे क्षणभर अडली, खोकली, आणि मग गेली. गिअर नाहीत, काही नाही. दाबा आणि जा. हिरवी दणकट, तांबडी अजागळ. मी हिरवीला पास केलं.

रुंदी मोजायला मी शाळेतली लाकडी पट्टी नेली होती. हिरवी साडेतीन फूट, तांबडी पावणेतीन. बांध मी आधीच मोजून आले होते. रस्ता संपतो तिथून दोनशे पावलांवर वाकण आहे, मागे तिथे खांड पडून बांध फुटला होता, तो परत भरला पण जेमतेम भरला. सगळ्यात अरुंद जागा तीच. तिथे माथा भरतो चार फूट. चारात साडेतीन बसते. गणित चौथीतलं होतं. मी गोदामवाल्याला शब्द दिला, हिरवी बांधून ठेव.

आणि इथे मी माती खाल्ली.

पुनवेच्या दिवशी, चुलतभावाच्या पाळीला, सहज म्हणून रिक्षा करून रस्त्याच्या टोकाला गेले. काठी टेकत वाकणापर्यंत पोचले. खाडी तुडुंब. चार फूट तसेच दिसत होते. मी कडेला काठी टेकवली, आणि काठी हातभर आत गेली. दुसऱ्या कडेला टेकवली, तिकडेही गेली. मग लक्षात आलं. मी बांध मोजला होता अष्टमीला. अष्टमीला भांगाचं, म्हणजे कमी भरतीचं पाणी, खाडी अर्धी रिकामी, माती सुकून दगड. उधाणाला पाणी माथ्यापर्यंत चढतं, दोन्ही कडा अर्धा-अर्धा फूट पिऊन मऊ होतात. चारातले तीनच फूट पक्के. हिरवी तिथे गेली असती तर मला घेऊन सरळ खाडीत. बांध उधाणात मोजायचा, हे आमच्याकडे लहान मूल सांगतं. माझा बाप माझ्यासमोर पावलांनी मोजायचा, उधाणातच. आणि मी बाई, बांधावर जन्मलेली, फ्लॅटात राहून तिथी विसरले. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यात फक्त दूधवाल्याचे खाडे लिहिते. मी तिथे उभी राहून स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन म्हटलं, "तांबडी द्या."

"पण मॅडम, रिव्हर्स! बांधावर वळायला जागा नाही म्हणता, मग परत कशी आणणार?"

मेकॅनिकनेही तेच विचारलं. मग त्याने तांबडीची मागची बाजू धरून उचलून बघितली. "हलकी आहे. दोन माणसं असली की उचलून फिरवता येईल. पण दोन माणसं पाहिजेत, बाई. तुम्हाला धरून नाही, तुम्हाला सोडून दोन."

दोन माणसं. उघाडीवर कोण असतं? चुलतभाऊ, त्याची बायको आणि म्हातारे काका. काकांना स्वतःची काठी उचलवत नाही. म्हणजे पोचायला मला कुणी नको होतं, परतायला मात्र ज्यांना मी नको तेच हवे होते. तरी तांबडीच घेतली. आधी पोचू, मग बघू.

पंधरा दिवस विचुंब्याला बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर सराव केला. सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस लावली, आवारात 'क्रीडा वाहन' चालवू नये. मी खाली लाल पेनाने लिहिलं, 'प्लॉट आवारात येत नाही, शुद्धलेखन बरोबर.' गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत इंग्रजीचा खून पाडलेला होता. 'उतरण्यापूर्वी थांबावे' असा एक सल्ला होता, तो मात्र मी पाळला.

अवस आली शुक्रवारी. मेकॅनिकने टेम्पोत घालून तांबडी रस्त्याच्या टोकाला आणली, टायरमधली हवा कमी केली, म्हणाला, "आता हिचा पाय म्हशीच्या खुरापेक्षा हलका पडेल, बांधाला काही होणार नाही." मग घड्याळ बघून कानाची पाळी धरली. "बाई, जुम्मा आहे. नमाज पढून तीनपर्यंत येतो. मी चालत येईन उघाडीवर, एखाद्याला घेऊन. आम्ही फिरवून देऊ. तोवर तिथेच बसा."

"जा, दुआ कर," मी म्हटलं.

"ती तर चौथीपासून करतोय."

साडेअकरा वाजले होते. उधाणाची भरती बारा-साडेबाराला पुरी होते. मी पट्टी दाबली. वाकणापाशी थांबले. दोन्हीकडे पाणी, मधे माझे तीन फूट. कुणीतरी पुढे काठी टेकत चालावं असं वाटलं. कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "चल गो बाय," तांबडीला म्हटलं की स्वतःला, कुणास ठाऊक. डावं मागचं चाक एकदा कडेला जरा खचलं. मी ओरडले, अंगठा सोडला नाही, आणि चाक वर आलं. पलीकडे गेल्यावर मी बगळ्यांना ऐकू जाईल इतकी हसले. साठी ओलांडलेली बाई, पोरांच्या खेळण्यावर बसून, काठी मागे बांधून, खाडीच्या मधोमध. हसू नको तर काय करू?

उघाडीवर तिघे होते. आवाज ऐकून चुलतभाऊ उभा राहिला. त्याने आपलं जाळं लावायला काढलेलं होतं. लावलं नव्हतं, काढलं होतं. माझं येणं बघून त्याची बायको टोपली तशीच धरून राहिली. तो म्हणाला, "ताय! ही काय जत्रा? बांध फोरशील!"

"तुझ्या म्हशींनी फुटला नाही तो माझ्याने फुटणार नाही," मी म्हटलं आणि उतरले. उतरण्यापूर्वी थांबले.

काका फळ्यांपाशी उकिडवे बसले होते. डोळे पाण्यावर. पाण्यावरचा कचरा वाहायचा थांबला, एका जागी गोल फिरू लागला. पाणी उलटत होतं. काका ओरडले, तिथे आम्ही चौघंच असताना, गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "पाली कोनाची?"

"आमची!" माझा आवाज फुटला, पण पोचला.

पहिली फळी मी हलवली. दोन्ही हातांनी, एका पायावर भार टाकून. ओहोटी उतरत गेली तसं आतलं पाणी हुंकारत सुटलं. माझं जाळं मीच लावलं. चुलतभाऊ बघत राहिला. मदत करू का, असंही म्हणाला नाही, आणि मी मागितलीही नाही. कोळंबी बरी आली, चिंबोऱ्या पाच-सहा, जिताडा काही आला नाही. टोपली तांबडीच्या मागे बांधली, आणि मग तो प्रश्न आला. त्याने तो बरोबर हेरून ठेवला होता.

"ताय, गारी पलटशील कशी? रिवस नाय ना हिला? पोरांनी मला सांगितलाय." तो तोंडाने हसला नाही, पण आवाजाने हसला. "एक वेल आलीस, बरा झाला. पन दर अवसेला कोन येल तुला पलटवाला? ज्याला बांधावरशी घरा जाता येत नाय, त्याची पाली कशी चालल?"

तीन वाजायला वेळ होता. मी बसून राहिले असते तर मेकॅनिक आला असता, पनवेलहून माणूस घेऊन आला असता, आणि परक्या माणसांनी मला बांधावरून उचलून नेलं असतं. चुलतभावाला तेवढंच गावात सांगायचं होतं.

आमच्या बांधावर एक रीत आहे. खांड पडली, कुणी चिखलात अडकलं, तर 'हात द्या' अशी हाक घालायची. ती ऐकली की भांडण असो, कोर्टात केस असो, हातातलं टाकून जायचंच. माझा बाप आणि त्याचा भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्या हाकेला दोघे मातीच्या एका पाटीला लागले होते, मी पाहिलंय. फक्त एक आहे, ती हाक बांधाच्या घरानेच घालायची. परक्याने घातली तर कुणी उठायला बांधील नाही. मी ती हाक जन्मात कधी घातली नव्हती. बायका घालत नाहीत म्हणून नव्हे, वेळ आली नाही म्हणून.

मी काठी टेकून उभी राहिले, छाती भरून घेतली, आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात हाक दिली, "हात द्याऽऽ!"

कुणी हललं नाही. मनात आलं, नाही उठले तर? नाही उठले तर मी परकी, आणि आजची फळी हलवून काही उपयोग नाही.

आधी हलली ती भावजय. लग्न होऊन आल्यापासून माझ्या बाजूने एक शब्द न बोललेली बाई. तिने टोपली खाली ठेवली, साडी खोचली. "मी येतंय, वन्सं."

"तू थांब," चुलतभाऊ म्हणाला. ती थांबली नाही. तांबडीचं मागचं चाक धरून उभी राहिली. तेव्हा त्याने काकांकडे पाहिलं.

काका पाण्याकडेच बघत होते. म्हणाले, "हाक झालीय. घरची हाय का परक्याची, ता तूच ठरव."

मग त्याने हात लुंगीला पुसले, आला, पुढची बाजू धरली. दोघांनी तांबडी उचलली आणि हवेत फिरवून तोंड गावाकडे करून खाली ठेवली. चेनचा काळा चिखल त्याच्या सदऱ्याला लागला.

"वजन हाय गो," तो धापा टाकत म्हणाला.

"मी खाली उतरलेय. ते सगळं गाडीचंच आहे," मी म्हटलं.

त्याची बायको पदर तोंडाशी नेऊन हसली. मी बसले, अंगठा पट्टीवर ठेवला. सुटलेली टोपलीची दोरी तो मागून घट्ट बांधत होता. बांधताबांधता, वर न बघता, म्हणाला, "पुरचे अवसेला जरा लवकर ये. मी हितंच आसेन, पलटवून देईन."

पुढच्या अवसेला, हे तो म्हणाला. मी म्हटलं नव्हतं.